साडेचार नंबर

आमच्या घरात कुणाच्याही अंगावर त्याच्या मापाचे कपडे नव्हते, आणि याचे कारण असे की घरातला कर्ता पुरुष मापे घेण्यात वाकबगार होता. अण्णा शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. सोलापूरच्या पूर्व भागात, दोन्ही अंगांना यंत्रमाग खडखडत असलेल्या एका गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांच्या बरोबर खाली कारखाना. तिथल्या वीस फुटी टेबलावर अण्णा खाकी, निळ्या, मेंदी रंगाच्या कापडाचे साठ-साठ थर एकावर एक अंथरत, वरच्या थरावर खडूने आखणी करत आणि विजेवर चालणारी उभी सुरी त्यातून अशी फिरवत की साठ मुलांच्या साठ पँटी एकाच वेळी सुट्या होत. मागांचा आवाज आम्हाला ऐकू येणे केव्हाच बंद झाले होते. सुरीचा आवाज मात्र येई. बारीक, सलग, आणि वळणावर किंचित खाली उतरणारा. वर स्वयंपाकघरात आई काज-बटणाचे काम घेऊन बसलेली असे. सुरी थांबली की ती तवा चढवी, कारण त्यानंतर दहा मिनिटांत अण्णा जेवायला वर येत. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वर तेलाची धार, आणि दह्यात कालवलेला कांदा. खाकी कापडाचा बारीक तंतू आमच्या प्रत्येक घासात असणार, याची खात्री बाळगूनच आम्ही जेवत असू.

शाळा सुरू होण्याआधीच्या आठवड्यांत पालक मुलांना घेऊन थेट टेबलाशी येत. अण्णा टेप लावत, आकडा मोठ्याने सांगत आणि वहीत मात्र त्याहून दोन इंच जास्त लिहीत. सांगायचा आकडा एक आणि लिहायचा दुसरा, ही त्या धंद्याची रीतच होती. जास्तीचे कापड आत दुमडून शिवले जाई. पुढल्या वर्षी आया घरीच शिवण उसवून पँट खाली सोडत. त्यामुळे आमच्या शाळेत दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक पँटीला खाली न विटलेल्या रंगाचा एक गडद पट्टा दिसे. मुलाला जे माप आज आहे ते कापायचे नाही, उद्या जे होईल ते कापायचे. या नियमाविरुद्ध एकही पालक कधी तक्रार घेऊन आला नाही, आणि पस्तीस वर्षे तक्रार न आलेल्या माणसाला आपला नियम हा निसर्गनियमच वाटू लागतो. आईची एक तक्रार होती, पण ती नोंदवली जात नसे. "ह्यांनी माझ्या लग्नातला ब्लाऊजबी वाढत्या अंगाचा शिवला हुता," ती शेजारणींना सांगे. "आजपत्तूर वाट बघतीय, अंग कवा वाढतंय त्याची."

मी स्केटिंगकडे कशी वळले, हे लांबवण्यात अर्थ नाही. शाळेच्या मागे सिमेंटचा एक रिंक होता. त्यावर चाकांचे बूट घालून हॉकी खेळत, आणि उन्हामुळे सराव पहाटे साडेपाचला सुरू होऊन आठला संपे. मी आघाडीला खेळे. माझी मैत्रीण तरन्नुम गोलकीपर होती. तिचे अब्बा टेम्पो चालवत आणि कारखान्यातले गणवेशांचे गठ्ठे तेच पोहोचवत, म्हणून आमची ओळख रिंकच्याही आधीची. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र घेतले त्याच सुमारास कळले की आमचा खेळ बर्फावरही खेळतात आणि राज्याचा मुलींचा आइस हॉकी संघ निवडला जाणार आहे. चाचणी पुण्यातल्या एका मॉलमधल्या बर्फाच्या रिंकवर होती. बर्फ म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर रसवंतीतली गोणपाटात गुंडाळलेली लादी येई. त्या वयात मला एकच गोष्ट मनापासून हवी होती: त्या संघात जागा. ते शक्य आहे असेही वाटत होते, कारण वळणावर मला जिल्ह्यातली कुणी मुलगी गाठू शकत नव्हती. यात गर्व नाही. घड्याळ लावून मोजलेली गोष्ट आहे.

त्यासाठी पात्याचे बूट लागणार होते, आणि पात्याच्या बुटाचा सारा जीव त्याच्या बसण्यात असतो. चाकाचा बूट थोडा सैल असला तरी चार चाके तुम्हाला उभे ठेवतात. बर्फावर तुमच्या आणि पडण्याच्या मध्ये तीन-चार मिलिमीटर रुंदीचे एक पाते असते आणि त्याची एकच कड वळणावर बर्फ धरून असते. ती कड कोणत्या कोनात झुकणार हे घोटा ठरवतो, आणि घोट्याचे म्हणणे पात्यापर्यंत पोहोचायचे तर टाच बुटाच्या मागच्या खोबणीत रुतून बसलेली पाहिजे. सरळ उभे राहिले तर अंगठा पुढे नुसता टेकावा, गुडघे वाकवले की तो केसभर मागे यावा. मी हे सगळे वाचून काढले, आणि एका संध्याकाळी स्वयंपाकघरात भिंतीला टाच टेकवून, आलेखाच्या कागदावर पाय ठेवून, कंपासपेटीतल्या दोन गुण्यांमध्ये तो धरून मोजला. दोन्ही पाय, तीन-तीन वेळा. आई भाकरी थापता थापता बघत होती.

"येवढं तर तुझ्या बापानं कुनाचं आख्खं अंग मोजलं न्हाय," ती म्हणाली.

"संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात. म्हणून आत्ता मोजायचे."

"सुजतात व्हय. मग माझं सकाळी आन संध्याकाळी येगळं माप ईल की."

"येईल."

"ऱ्हाऊ दे. हाय ते एकच चप्पल हाय."

मिलिमीटरमधली सरासरी काढली, तक्ता पाहिला आणि अर्जावर नंबर लिहिला: साडेचार. माझा रोजचा बूट सहाचा होता. तो आमच्या घरच्या पद्धतीने घेतलेला होता हे वेगळे सांगायला नको.

अर्ज जिल्हा संघटनेचे सचिव हिरजकर सर यांनी मोबाईलवर पाठवला होता. नाव, जन्मतारीख, बुटाचा नंबर, रुंदी आणि खाली पालकाची सही. मुलांच्या संघाचीही चाचणी होती, म्हणून आम्ही तीन मुली आणि पाच मुलगे असे आठ जण बूट घेणार होतो. मी अर्ज छापून घेतला आणि भरून अण्णांकडे दिला. त्यांनी सही केली आणि पाकीट स्वतःच चिकटवून तरन्नुमच्या अब्बांच्या टेम्पोत दिले. मी निश्चिंत होते. आकडा माझा होता, तीन वेळा पडताळलेला होता, शाईने लिहिलेला होता. शाईने लिहिलेला आकडा कुणी बदलत नाही, असा त्या काळी माझा समज होता.

खोकी आली त्या दिवशी आमच्याकडे गल्ली लोटली होती. काळेभोर बूट, घोट्याच्या वरपर्यंत चढणारे, टणक, आणि खाली कागदात गुंडाळलेली पाती. आईने त्यांना हळदकुंकू लावले. शेजारच्या काकूंनी पात्याला बोट लावून पाहिले आणि "ह्यानं तर भाजी चिरता ईल," असे सांगितले. अण्णा खालून काम टाकून वर आले होते, हे विशेष. मी खाली बसून उजवा बूट चढवला, नाडी शेवटपर्यंत आवळली आणि उभी राहिले. टाच उचलली. बूट जमिनीवर राहिला आणि टाच आत वर आली, चांगली बोटभर. मी नाडी सोडून पुन्हा बांधली. पुन्हा तेच. मग बुटाच्या जिभेवरचा छाप पाहिला. तिथे सहा लिहिले होते.

"हे माझे नाहीत," मी म्हणाले.

"खोक्यावर तुझंच नाव हाय की," अण्णा म्हणाले.

"नंबर माझा नाही. मी साडेचार लिहिला होता."

"दोन मोजे घाल. थंडीतच खेळायचंय न्हवं तुला."

"फुडं कापूस कोंब की," आई म्हणाली. "शाळंच्या बुटात न्हवतो का कोंबत."

शेजारच्या काकूंनी दुजोरा दिला. कापसाच्या बाजूने खोलीत बहुमत होते. मी बूट काढले, खोक्यात ठेवले आणि हिरजकर सरांच्या ऑफिसला जायला निघाले. चाचणीला बारा दिवस उरले होते.

संघटनेचे ऑफिस म्हणजे एका स्टेशनरीच्या दुकानावरची खोली. हिरजकर सरांनी मला बसायला सांगितले, पंखा वाढवला आणि माझे म्हणणे अर्धे ऐकले.

"हे बघा मॅडम, आत एक सोल टाकला की काम झालं. आम्ही दोन नंबर मोठ्या बुटात स्टेट खेळलोय."

"आइस हॉकी?"

"हॉकी."

"मैदानावरची?"

त्यांनी फाईल सरळ केली. मी म्हणाले, माझा अर्ज दाखवा. त्यांना दाखवायचा नव्हता असे नाही. दाखवण्यासारखे त्यात काही आहे असेच त्यांना वाटत नव्हते. त्यांनी तो काढून समोर ठेवला. माझ्या साडेचारवर एक सरळ, स्वच्छ रेघ होती आणि शेजारी साडेपाच लिहिले होते. पाचाचा तो आकडा मी हजारो वेळा पाहिलेला होता, खडूने, कापडावर. साडेपाचवर दुसरी रेघ होती, लाल, आणि तिच्यापुढे सहा.

"लाल रेघ कुणाची?"

"माझी. आता अर्ध्या नंबरांचा घोळ कोण घालत बसणार? मुलींचे तिन्ही मी राउंड करून टाकले."

"मुलांचे?"

"मुलांचा प्रश्न आला नाही. त्यांना मी दुकानात नेलं होतं ना पुण्याला. पायात घालून बघून घेतले त्यांनी."

हे मला तोवर ठाऊक नव्हते. पाच जण सरांच्या गाडीतून पुण्याला गेले होते, एका दुकानात दुपारभर बसले होते, आवडेल तो बूट पायात घालून, उतरवून, पुन्हा घालून, शेवटी एकेक निवडून परत आले होते. आम्हाला अर्ज पाठवला गेला होता.

"आम्हाला का नाही नेलंत?"

"गाडीत जागा पाच. आणि मुलींना न्यायचं म्हणजे जबाबदारी आली. बरोबर लेडीज कोण? उद्या काही झालं तर तुमचे वडीलच येऊन माझी गचांडी धरतील."

मी अर्जाच्या तळाशी असलेली बारीक अक्षरांतली ओळ वाचत होते. पालकाची सही अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी आवश्यक होती. माझी जन्मतारीख त्याच कागदावर, चार ओळी वर, माझ्याच हाताने लिहिलेली होती. मला अठरा पूर्ण होऊन चार महिने झाले होते. मी त्या ओळीवर बोट ठेवले.

"मुलींच्या बाबतीत आपण सरसकट घेतो," सर म्हणाले. "सेफ पडतं."

बूट बदलून मिळणार नव्हते. पात्यांना आधीच धार लावलेली होती आणि धार लावलेला माल दुकान परत घेत नव्हते. जिन्यावर तरन्नुम भेटली. तिचे बूट तिला बसले होते. तिने सात लिहिला होता, अर्धा नव्हताच, म्हणून लाल रेघेला तिथे काही काम उरले नव्हते.

"मेरे अब्बा कागद पढतेच नै," ती म्हणाली. "गाडी चालू थी, सही मारे, फेंक दिए. बच गई मैं."

आज मी एका प्रयोगशाळेत धातूंची चाचणी करते आणि मोजमापातल्या चुका हा माझ्या कामाचाच भाग आहे. चुका दोन जातींच्या असतात. काही इकडे-तिकडे विखुरतात. एक आकडा थोडा जास्त येतो, दुसरा थोडा कमी, आणि पुरेशी मोजमापे घेतली की त्या एकमेकींना खाऊन टाकतात. दुसऱ्या जातीच्या चुका सगळ्या एकाच बाजूला जातात. त्या कितीही वेळा मोजले तरी कमी होत नाहीत, उलट साठत जातात. माझ्या अर्जाला ज्या ज्या हातांनी स्पर्श केला त्यांतल्या प्रत्येकाने आकडा वाढवला. कुणी चुकूनही कमी केला नाही. असे जेव्हा प्रयोगशाळेत घडते तेव्हा आम्ही आकड्याला दोष देत नाही, उपकरण उघडून बघतो. माझे उपकरण खाली टेबलाशी उभे होते आणि सुरीला तेल घालत होते.

त्या दिवशी टेबलावर राखाडी कापड होते, एका इस्पितळाच्या रखवालदारांच्या गणवेशाचे. अण्णा एकटेच होते. मी आल्याचे त्यांनी पाहिले, अर्जाची मोबाईलवर घेतलेली प्रतही पाहिली.

"म्या लिवलं ते," ते म्हणाले. "चोरून न्हाय लिवलं. येवडी महागाची वस्तू, अगदी मापाची कोन घेतंय?"

"मला विचारलं का नाही?"

"त्यात काय इचारायचं? समद्या पोरांचं तसंच करतो म्या."

"हे राखाडी कुणाचं आहे?"

"वॉचमनचं."

"यात किती सोडलंय वाढीचं?"

त्यांना प्रश्न धंद्याचा वाटला, म्हणून उत्तर ताबडतोब आले. "मोठ्या मानसाला कशाला वाढीचं? हाय त्या मापाचंच कापायचं."

"मग मी किती वर्षांची आहे, अण्णा?"

ते थांबले. "तू अजून," त्यांनी सुरुवात केली, आणि पुढचा शब्द शोधत त्यांनी टेबलाच्या दोन्ही टोकांकडे पाहिले. तो सापडला नाही. मग त्यांनी बटण दाबले. सुरी सुरू झाली की त्या खोलीत कुणाचेच बोलणे ऐकू येत नसे, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. मी तिथेच उभी राहिले. त्यांनी एक पाठ कापली, बाह्यांचे वळण घेतले, गळा काढला. साठ रखवालदारांचे माप तंतोतंत, खडूच्या रेघेच्या आतल्या कडेवरून. मी त्यांचा इतका राग त्याआधी कधी केला नव्हता. मला सर्वांत जास्त चीड याची आली की त्यांचा हात जराही हलत नव्हता.

दोन दिवसांनी त्यांनी बुटांच्या आत घालायला नमद्याचे, म्हणजे दाबून जाड केलेल्या लोकरीचे, तुकडे कापून आणले. माफी मागण्याची त्यांची ती पद्धत असेल, मला ठाऊक नाही. त्यांनी तसे म्हटले नाही आणि मी तसे धरले नाही. काम मात्र सुरेख होते. टाचेमागे अर्धचंद्र, घोट्याच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारखे दोन तुकडे, कडा तासून पातळ केलेल्या. घरात उभे राहिल्यावर टाच खरोखरच हलेनाशी झाली. "बघ," ते म्हणाले. मी त्यांना सांगितले की नमदा दाबाखाली बसतो आणि घामाने आणखी बसतो, दहा मिनिटांत पोकळी परत येईल. "मग धा मिन्टांत जितून ये," आई आतून म्हणाली, आणि त्या घरात त्या आठवड्यात मला हसू आले ते एवढ्यावरच.

अंदाज माझा थोडा चुकला. पुण्याच्या चाचणीत नमदा बारा मिनिटे टिकला. पहिल्या बारा मिनिटांत सरळ धावणे आणि थांबणे झाले, त्यात मी तिसरी आले. मग वळणे सुरू झाली, माझा जो भाग होता तो. डाव्या वळणावर उजवा पाय डाव्यावरून पलीकडे टाकायचा आणि सारा भार त्याच्या आतल्या कडेवर द्यायचा. मी भार दिला, घोटा झुकला, आणि बूट झुकला नाही. तो माझ्या पायाभोवती एखाद्या डब्यासारखा उभाच राहिला. पाते सपाट झाले आणि मी कडेच्या फळीपर्यंत पाठीवर घसरत गेले. बर्फ खरोखरच रसवंतीतल्यासारखा खरखरीत आणि पाणथळ होता, कॉलरमधून आत जाणारा. दुसऱ्यांदा मी वेग कमी केला आणि तरी पडले. तिसऱ्यांदा पडले नाही, कारण तिसऱ्यांदा मी वळलेच नाही, भीतीने रुंद फेरा घेतला. निवड करणाऱ्यांत एक बाई होत्या, उत्तरेकडच्या. त्या माझ्यापाशी आल्या, स्टिकच्या टोकाने त्यांनी माझ्या बुटाच्या नाकावर दोनदा टकटक केले आणि आतली पोकळी ऐकली.

"किसके जूते हैं ये?"

"मेरे."

"लगते तो नहीं."

तरन्नुमची निवड झाली. यादीत तिचे नाव वाचले तेव्हा तिने माझ्याकडे न बघता माझा हात धरला आणि बस टेंभुर्णीला चहासाठी थांबेपर्यंत सोडला नाही. तिथे ती म्हणाली, "रो ले ना." मी म्हणाले, मला रडू येत नाही, मला तो कागद फाडायचा आहे. "कौनसा?" "अर्ज." तिने थोडा विचार केला. "मैं बी आती," ती म्हणाली. आम्ही फाडला नाही. तो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. मोबाईल तीनदा बदलला, ते चित्र दरवेळी नव्यात घेतले.

लोक मला सांगतात की एवढ्या क्षुल्लक गोष्टीचा राग इतकी वर्षे कुणी धरत नाही. बाप होता, त्याच्या प्रेमाची पद्धत होती, समजून घ्यावे. मी समजून घेतले आहे. वरची सगळी पाने त्याचाच पुरावा आहेत. पण समजल्याने राग कमी व्हावा हे गृहीतक मला कधीच पटलेले नाही. एखादा दांडा कुठून आणि का तुटला हे मला नेमके समजते तेव्हा तो तुटलेलाच असतो. एक वर्ष गेले. त्या वयात वर्ष म्हणजे काय, हे ज्यांच्या हातून ते गेले त्यांच्यापैकी कुणीही मोजले नाही.

पुढचे वर्षभर मी अकरावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या आणि पुढल्या चाचणीच्या दोन महिने आधी बूट घ्यायला पुण्याला निघाले. हिरजकर सरांना कळवले नाही. अण्णांना कळवले, परवानगी म्हणून नव्हे, घरात माणूस कुठे जाते ते ठाऊक असावे म्हणून. ते सकाळी इस्त्रीचा सदरा घालून दाराशी उभे होते. "म्या येतो," म्हणाले. मी नको म्हणाले नाही. बसमध्ये त्यांनी खिडकी मला दिली आणि पुणे येईपर्यंत बुटांचा विषय काढला नाही.

दुकान पहिल्या मजल्यावर होते, आणि ज्याला पायातले कळते असा तिथे एकच माणूस होता, पन्नाशीचा, गुडघ्यावर चामड्याचा तुकडा बांधलेला. त्याने सवयीने अण्णांकडे पाहून विचारले, "नंबर काय?" अण्णांनी तोंड उघडले. मग ते भिंतीवरच्या क्रिकेटच्या बॅटी बघू लागले. मी म्हणाले, साडेचार. त्याने साडेचार आणला, मी घातला, गुडघे वाकवले, आणि टाच आत किंचित उचलली गेली. त्याने नाडी सोडली, माझा पाय लोखंडी मोजपट्टीवर ठेवला, दुसरा ठेवला, आणि आत जाऊन दुसरे खोके आणले. त्यात चार होता, किंचित रुंद पंजाचा. मी उभी राहिले आणि अंगठा पुढे टेकला. गुडघे वाकवले आणि अंगठा केसभर मागे आला. टाच खोबणीत उतरली, आणि मी घोटा आत झुकवला तेव्हा पाते त्याच क्षणी झुकले, मध्ये कुणी नसल्यासारखे.

"किती निघाला?" अण्णांनी विचारले.

"चार."

"तू तर साडेचार म्हणाली व्हतीस की."

तक्त्याप्रमाणे माझा पाय चारमध्येच बसत होता, सीमेच्या थोडा अलीकडे. तीन वेळा मोजून, सरासरी काढून, शेवटी त्या संध्याकाळी मीच एक घर वर सरकले होते. असू दे थोडे, असे मनात म्हणून. तो अर्धा नंबर ना अण्णांचा होता ना सचिवांचा.

"माझी चूक," मी म्हणाले. "अर्ध्या नंबराची."

"आमची दिडाची," अण्णा म्हणाले. ते हिशेबात पक्के होते. मग बॅटींकडे बघतच म्हणाले, "पर तुजी तुला घातल्याव कळली असती."

मी त्यांच्याकडे पाहिले. एवढेच मला वर्षभर कुणाकडून तरी ऐकायचे होते, आणि ते ऐकूनही राग उतरला नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. मी तो चारचा जोड काढून बाजूला ठेवला आणि त्या माणसाला म्हणाले, आणखी कोणकोणत्या घडणीचे आहेत ते सगळे आणा. त्याने आणखी पाच खोकी आणली. मी प्रत्येक बूट घातला, बांधला, रबराच्या पट्टीवर चालले, वाकले, थांबले, उतरवला. दोनमध्ये घोटा टोचत होता, एकात पंजा आखडत होता. घाई कुणाला असेल तर ती मला नव्हती.

"झालं का?" अण्णांनी तासाभराने विचारले.

"नाही."

"अजून किती येळ?"

"मला कळेपर्यंत."

त्यांनी मान हलवली, कोपऱ्यातले स्टूल ओढले, इस्त्रीचा सदरा चुरगळू नये म्हणून मागून नीट धरला, आणि बसले.